वडिलांची पलटण

दुसऱ्या महायुद्धाची पदके कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी घरांत अजून आहेत. काही देवघरात, काही पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, तर काही फोटोच्या चौकटीला टांगलेली. वडिलांच्या लष्करी नोकरीचा शोध या पदकांपासून सुरू करावा, आणि सर्वांत आधी एक पथ्य पाळावे: ती घासू नयेत. सणासुदीला चिंच-राख लावून तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर पदकेही लखलखीत करण्याची अनेक घरांत रीत आहे. त्या लखलखाटापायी नेमकी हवी ती अक्षरे झिजून जातात.

ब्रिटिश सैनिकांना या युद्धाबद्दल ज्या सहा टोकांच्या चांदण्या (स्टार) मिळाल्या, त्यांची पाठ कोरी ठेवली गेली. भारत, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांनी मात्र आपल्या सैनिकांच्या चांदण्यांवर नावे उमटवून घेतली. म्हणून आपल्या घरातली चांदणी उलटी करावी, खिडकीपाशी न्यावी आणि तिरप्या उजेडात तिच्यावर भिंग धरावे. नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंटचे संक्षिप्त नाव, एवढे सगळे त्या दीड-दोन इंचांत असते. गोल पदकांवर हाच मजकूर कडेने फिरतो. हुद्दा बहुधा दोन-तीन अक्षरांत आटोपलेला असतो. 'जमादार' हा हुद्दा दिसला तर तो आजचा नायब सुभेदार समजावा. नंबर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, एकही आकडा अंदाजाने भरू नये. पुढचा सगळा पत्रव्यवहार या नंबरावर चालणार असतो.

फीत शाबूत असेल तर तीही बोलते. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा आणि दोन बाजूंना गडद व फिका निळा, ही आफ्रिका स्टारची फीत. लाल, पांढरा, हिरवा हे इटलीच्या झेंड्याचे रंग इटली स्टारचे. गडद निळ्या फितीवर मधोमध लाल आणि दोन्हीकडे नारिंगी पट्टे असतील तर बर्मा स्टार. भारताचा नकाशा कोरलेले गोल पदक म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल. ते भारतातल्या तीन वर्षांच्या नोकरीबद्दल मिळे.

इथे घरच्या आठवणी आणि कागद यांची पहिली गाठ पडते. 'आबा ब्रह्मदेशात लढले' असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, बर्मा स्टारही असतो, आणि तरी आबांनी ब्रह्मदेशची सरहद्द कधी ओलांडलेली नसते. कारण हा स्टार बंगाल आणि आसामातल्या ठरावीक भागांतल्या नोकरीबद्दलही दिला जाई. चौथी मराठा पलटण मार्च १९४४ मध्ये सांगशाकला झुंजली ती मणिपूरच्या डोंगरांत. पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर तिने जपान्यांना तिथे अडवून धरले. पाण्याचा दुष्काळ होता, खडकाळ जमिनीत खंदक खोल जात नव्हते, आणि अखेरीस २६ मार्चच्या रात्री जागा सोडावी लागली. पण त्या विलंबामुळे इम्फाळ आणि कोहिमा सावरायला वेळ मिळाला. तसेच 'आफ्रिका' म्हटले की आपल्याला वाळवंट दिसते. पण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरनला दुसरी आणि तिसरी मराठा पलटण उभ्या कड्यांवर चढत होती. दुसरीने फ्लॅट टॉप घेतला, तिसरीने पिनॅकल. आफ्रिका स्टार त्या डोंगरातल्या लढाईलाही आहे.

यावरून शोधाची दिशा ठरते. १९३९ साली भारतीय सैन्य सुमारे २ लाखांचे होते, १९४५ पर्यंत ते सुमारे २५ लाखांवर गेले. एवढ्या माणसांची रोजची हकीकत कोणी लिहून ठेवली नाही. लष्कराने नोंद ठेवली ती पलटणीची. शिपाई गणपत किंवा नाईक धोंडिबा १२ तारखेला कुठे होते, हे कोणत्याही दफ्तरात थेट सापडत नाही. त्यांची पलटण कुठे होती हे मात्र जवळजवळ रोजच्या रोज सापडते. वडिलांच्या नावाने वर्षानुवर्षे शोधणाऱ्या माणसाला काही हाती लागत नाही, आणि पलटणीच्या नावाने शोधणाऱ्याला पहिल्या महिन्यातच तारखा मिळू लागतात. म्हणून नुसते 'मराठा' कळून भागत नाही. १/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, 'जंगी पलटण'. २/५ म्हणजे 'काळी पाचवी'. आकडा बदलला की देश बदलतो, कैद की सुटका तेही बदलते.

पलटणीचा आकडा डिस्चार्ज बुकात असतो. नंबर, वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, उंची, ओळखीची खूण, परदेशातली नोकरी, पदके, वर्तणुकीचा शेरा आणि रोमन उर्दूच्या परीक्षेचा दाखला, असे सगळे त्यात सापडते. ओळखीच्या खुणेपाशी थांबून वाचावे. 'डाव्या भुवईवर व्रण' अशी ओळ वाचताना वीस वर्षांचा एक मुलगा भरतीच्या रांगेत उभा दिसतो, आणि तो आपला बाप असतो.

हे बुक हरवले असेल तर त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावलाच उभी राहिली, पण तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्सचे कागद खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, आर्मी मेडिकल कोअरचे लखनौला. नौदलातल्या नाविकांसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधला ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीतले सुब्रतो पार्क. बरीच घरे ब्रिटनच्या संरक्षण खात्याला पत्र पाठवून वाट पाहत बसतात. ते व्यर्थ आहे. भारतीय जवानांचे सेवाकागद इंग्रजांनी नेले नाहीत. ते इथेच राहिले, आणि फाळणीत ज्या रेजिमेंटी पाकिस्तानात गेल्या त्यांचे तिकडे गेले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात ज्या वैयक्तिक फायली आहेत, त्या मुख्यतः अधिकाऱ्यांच्या.

रेकॉर्ड ऑफिसकडे दोन गोष्टी नाव घेऊन मागाव्यात: शीट रोल आणि लाँग रोल. शीट रोल म्हणजे जवानाच्या नोकरीचा तपशीलवार कागद. भरतीपासून सुट्टीपर्यंत, बढतीपासून शिक्षेपर्यंत सगळे त्यावर चढते. पण पेन्शन नसलेल्या जवानाचा शीट रोल २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. युद्धासाठी भरती झालेले आणि १९४५-४६ मध्ये घरी पाठवलेले लाखो जवान पेन्शनीला पात्र झालेच नव्हते. त्यांचे कागद नियमानेच गेले. ज्या माणसांनी वाळवंट आणि बर्फ दोन्ही पाहिले, त्यांच्याच नोकरीचा पुरावा सर्वांत आधी रद्दीत जावा, याची मला फार खंत वाटते. लाँग रोल मात्र कायमचा असतो. त्यात एका जवानाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते: नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज, कारण. 'कागदपत्रे नियमानुसार नष्ट' असे उत्तर आले तर हिरमुसून थांबू नये. 'लाँग रोलचा उतारा द्यावा' असे दुसरे पत्र लिहावे, आणि वारसाचा पुरावा जोडावा.

दुसरी एक जागा लोकांना सुचत नाही, ती म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा अनुदान देत आले आहे. वडिलांनी किंवा त्यांच्या मागे आईने त्यासाठी अर्ज केला असेल, तर त्या फायलीत डिस्चार्ज बुकाची प्रत लावलेली असण्याचा चांगला संभव असतो. मूळ बुक उंदरांनी खाल्ले तरी ही प्रत तालुक्याच्या एखाद्या मुद्रांकित प्रतिज्ञापत्राला टाचलेली सापडू शकते. आईच्या नावानेही फाईल शोधावी.

नावांचा घोळ होणार हे धरूनच चालावे. भरतीचा कारकून ऐकेल तसे रोमन लिपीत लिही. शिंदे, मोरे, जाधव यांची दोन-तीन रूपे एकाच माणसाच्या कागदांत सापडतात. वडिलांचे नाव कधी आडनावाच्या जागी बसते. गावाचेही तसेच. युद्धकाळात रायगड जिल्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग नव्हताच, सावंतवाडी हे संस्थान होते, आणि तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते. आज सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याने आजोबांचा जिल्हा 'सातारा' पाहून हा माणूस आपला नव्हे असे ठरवू नये. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्सचे जवान संस्थानी फौजेतले. ती पलटण स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली, म्हणून तिचा माग काढताना संस्थानाचे दफ्तरही पाहावे लागते. तिसऱ्या मराठा पलटणीचे आणखी वेगळे आहे. ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, त्यामुळे तिचा आजचा वारसा मराठा नावाखाली सापडत नाही.

पलटण कळली की वॉर डायरी. युद्धावर असलेल्या प्रत्येक पलटणीला ही ठेवावीच लागे. छापील फॉर्मवर डावीकडे ठिकाण, तारीख, वेळ, मधल्या रुंद रकान्यात घडलेली हकीकत, उजवीकडे शेरा. बहुधा अ‍ॅडज्युटंट किंवा इंटेलिजन्स अधिकारी ती लिही, आणि महिन्याअखेर ती वर जाई. एक प्रत भारताच्या वाट्याला, एक लंडनला. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे आणि लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या आहेत. क्यूमध्ये वॉर ऑफिसच्या १६९ या मालिकेत मध्यपूर्वेतल्या, १७० मध्ये इटलीकडच्या आणि १७२ मध्ये आग्नेय आशियातल्या डायऱ्या ठेवल्या आहेत. तिथे वाचकाचे कार्ड फुकट मिळते आणि आपल्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो काढता येतात. आपला भाचा-पुतण्या तिकडे शिकायला असेल तर त्याला पलटणीचा नंबर, वर्ष आणि मालिकेचा क्रमांक कळवावा. एका दिवसात दोन-तीन वर्षांच्या डायऱ्या फोटोत येतात.

पहिल्यांदा डायरी उघडणाऱ्याची निराशा होते. पाने पेन्सिलीने किंवा फिकट टाइपने भरलेली, इंग्रजी तुटक, आणि नावे जवळजवळ सगळी इंग्रज अधिकाऱ्यांची. कॅप्टन रजेवरून आले, मेजर इस्पितळात गेले, असे सगळे नावानिशी. जवानांचा उल्लेख आकड्यात. 'आयओआर ३ ठार, ११ जखमी' असे वाचले की आयओआर म्हणजे इंडियन अदर रँक्स, आपले शिपाई, नाईक आणि हवालदार. सुभेदार-जमादारांसाठी 'व्हीसीओ'. माझे मत असे की हे आकडे चुटकीसरशी ओलांडू नयेत. ती तारीख घ्यावी आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत त्या तारखेला त्याच पलटणीचे कोण गेले ते पाहावे. तिथे तीन नावे सापडतील, त्यांचे वडील, पत्नी, गाव यांचीही बऱ्याचदा नोंद असते. आपले वडील जिवंत परतले म्हणून आपण आहोत. ते तिघे त्यांचे सोबती होते, कदाचित शेजारच्या गावचे. वडिलांनी रात्री-अपरात्री ज्यांची नावे घेतली असतील ती हीच असू शकतात.

डायरी वाचताना चार गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. नकाशाचे सहा आकडी संदर्भ दिलेले असतात. त्या काळचा नकाशा समोर असल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. महिन्याअखेरची पुरवणी पाने सोडू नयेत. हल्ल्याचे हुकूम, गस्तीचे अहवाल, संख्याबळाचे तक्ते बहुधा तिथेच असतात, आणि एखाद्या गस्तीच्या अहवालात नाइकाचे नाव अवचित निघते. ब्रिगेडची आणि डिव्हिजनची डायरीही पाहावी. पलटणीने दोन ओळींत आटोपलेला दिवस ब्रिगेडने पानभर लिहिलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, पलटण तिथे होती म्हणजे वडील तिथे होतेच असे नाही. मोठ्या हल्ल्याच्या वेळी काही माणसे मुद्दाम मागे ठेवत, म्हणजे पलटण कापली गेली तरी ती पुन्हा उभी करता यावी. कोणी मलेरियाने इस्पितळात असे, कोणी रजेवर, कोणी बेळगावला नवे रंगरूट घडवीत. म्हणून शीट रोलवरच्या तारखा आणि डायरीतल्या तारखा शेजारीशेजारी मांडाव्यात. दोन्ही जुळल्या तरच 'माझे वडील या लढाईत होते' असे लिहावे. न जुळल्यास 'त्यांची पलटण होती' एवढेच लिहावे. तेही कमी नाही.

शौर्यपदक मिळालेल्या मोजक्यांचे कागद मात्र भरभरून बोलतात. क्यूमधल्या वॉर ऑफिसच्या ३७३ या मालिकेत शिफारशी आहेत. त्यांत त्या जवानाने काय केले याचे परिच्छेदभर वर्णन असते. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले, तरी ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने गन आणि गनर निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, म्हणून त्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. मोंतोने या उंब्रियातल्या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव पहिल्या पलटणीतले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि बांधावरून मागे आणले, मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी मोडली. ते जिवंत परतले.

ज्यांना पदक नाही, पण शिफारस झाली होती, असेही जवान या कागदांत असतात. त्यामुळे वडिलांना 'काहीच मिळाले नव्हते' असे समजून ही मालिका वगळू नये. 'जंगी इनाम', म्हणजे युद्धातल्या कामगिरीबद्दलचे पैशाचे इनाम, ही आणखी वेगळी गोष्ट. ते मिळाले असेल तर घरात त्याची सनद किंवा पैशाच्या नोंदी शोधाव्यात.

आईचे कागद कोणी विचारीत नाही, आणि मला वाटते तिथेच सर्वांत जास्त जीव आहे. युद्धावरचा जवान पगारातला हिस्सा घरी लावून देई. दर महिन्याची मनीऑर्डर, तिची कुपने, पोस्टमनचा शिक्का, पैसे घेणारीचा अंगठा. काही महिने कुपन नाही असे दिसले तर त्या महिन्यांची डायरी मुद्दाम काढावी. पत्रांचेही तसेच. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेले पत्र सेन्सॉरच्या हातून जाई. जागेचे नाव लिहायला मनाई, म्हणून पत्रावर फक्त पलटण आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असे. कोणत्या नंबरचे पोस्ट कोणत्या तारखेला कुठे होते याच्या याद्या टपाल-अभ्यासकांनी तयार केल्या आहेत, त्यामुळे शिक्का स्पष्ट असेल तर पाकिटावरून गाव निघते. सेन्सॉरने मनोबल जोखण्यासाठी सैनिकांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून अहवाल केले. ते इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. महागाई, गुरांची खबर, मुलीच्या लग्नाची चिंता, रजा न मिळाल्याचा राग, हे सगळे त्यांत आहे. नावे गाळलेली असली तरी त्या काळचा जवान काय बोलत होता ते इतके जवळून दुसरीकडे ऐकू येत नाही. आणि आई स्वतः नोकरीत असेल, म्हणजे १९४२ मध्ये निघालेल्या विमेन्स ऑक्झिलिअरी कोअरमध्ये किंवा लष्करी इस्पितळात नर्स, तर तिचा शोध माहेरच्या नावाने सुरू करावा.

डायरी अचानक थांबते तेव्हा पलटणीचे काय झाले असेल ते ओळखावे. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडले. तिथल्या बऱ्याच पलटणींचे कागद नष्ट झाले, काहींची हकीकत नंतर आठवणीने लिहिली गेली. तिथले जे जवान आझाद हिंद सेनेत गेले त्यांच्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायली पाहाव्यात. परतल्यावर त्यांची चौकशी होऊन त्यांना 'व्हाइट', 'ग्रे', 'ब्लॅक' अशा वर्गांत टाकले गेले होते. वडिलांच्या डिस्चार्जचे कारण मोघम असेल तर खुलासा तिथे मिळू शकतो.

काळ्या पाचवीची डायरी जून १९४२ मध्ये अशीच तुटते. ही पलटण अकराव्या ब्रिगेडबरोबर लिबियातल्या टोब्रुकमध्ये होती, आणि २१ जूनला टोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती गेले. तिथून पुढे पलटणीच्या मागाने जाता येत नाही, कारण कैदेत माणसे विखुरली. आधी इटलीतले कॅम्प. अवेझ्झानोला भारतीय कैद्यांचा मोठा कॅम्प होता. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीच्या शरणागतीची घोषणा झाली, पहारे ढिले पडले, आणि कित्येक जण अब्रुझ्झोच्या डोंगरांत शेतकऱ्यांच्या आश्रयाला गेले. बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवले. फ्रान्समधल्या एपिनालच्या कॅम्पवर ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले. भिंती कोसळल्यावर भारतीय कैदी बाहेर पडले, आणि त्यांतले सुमारे ५०० चालत स्वित्झर्लंडमध्ये पोचले. या माणसांची पकड, बदली, आजार, सुटका यांच्या नोंदी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या दफ्तरात सापडतात. ते कार्यालय अशा चौकशीचे अर्ज वर्षातून ठरावीक काळातच आणि मर्यादित संख्येने स्वीकारते, म्हणून नंबर, वडिलांचे नाव, गाव आणि नावाची सगळी रोमन रूपे आधीच एका कागदावर तयार ठेवावीत. उत्तरात कॅम्पचा नंबर आणि तारीख आली की त्या कॅम्पच्या पाहणीला आलेल्या रेड क्रॉस प्रतिनिधींचे अहवाल मागवावेत. कैद्यांना तिथे काय खायला मिळत होते, पार्सले पोचत होती की नाही, झोपायला जागा कशी होती, हे त्यांत लिहिलेले असते.